तळघरातली मिरची

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला गोदामात रात्रपाळी करतो. चौघांत मिळून तळघरातली एक खोली. छताशी वीतभर खिडकी, हिवाळ्यात तीही बर्फाने बुजते. गेल्या फेब्रुवारीत फोनवर म्हणाला, "मावशी, झाडाला सात मिरच्या लागल्यात." आम्हांला आधी खरेच वाटेना.

भगिनींनो, तोडे संपले की आपण मिरचीचे झाड उपटून टाकतो. पण मिरची एका हंगामाची नव्हे, जपली तर काही वर्षे जगते. तिला थंडी मात्र सोसत नाही. पहिल्या साली पोराने कुंडी अंगणातच ठेवली. एका रात्री पाणी गोठले आणि सकाळी पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. "रोपच होते, गेले," म्हणाला. पण आवाज आम्ही ओळखला.

दुसऱ्या साली रात्रीचा पारा १० अंशांकडे उतरू लागताच कुंडी आत घेतली. त्याआधी पाने खालून-वरून साबणाच्या पाण्याने धुतली, कारण मावा घरात शिरला की फार पसरतो. मग खोडाच्या पहिल्या फाट्यावर वीतभर ठेवून बाकीच्या फांद्या छाटल्या. ऐकताना आमच्याच जिवावर आले! पण पाने कमी, तर पाणीही कमी लागते. बोटाची दोन पेरे माती सुकल्याशिवाय पाणी घालायचे नाही. जास्त पाण्याने मुळे कुजून झाड गेल्याचे आमच्याही हातून झाले आहे.

राहिला उजेड. जुना पिवळा बल्ब इथे कामाचा नाही, त्याची बरीचशी वीज उष्णतेतच जाते. पोराने २० वॅटची पांढरी एलईडी नळी शेंड्याच्या वीतभर वर टांगली. आपण रात्री कामावर, म्हणून ती चोवीस तास जळत ठेवली. तर पाने पिवळी पडून मुरडली. झाडालाही रात्र लागते. मग आपोआप बंद होणारे बटण आणून १४ तासच उजेड दिला. घरमालक बिलावरून कुरकुरला, तेव्हा पठ्ठ्याने हिशेब मांडला: रोज २८० वॅट-तास, म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटसुद्धा नाहीत. मालक गप्प.

फुले आली तेव्हा आत वारा कुठला? रोज बोटाने हलकेच टिचकी मारायची, पराग झडतो. मे महिन्यात थंडी सरल्यावर झाड बाहेर काढले, तेही आठवडाभर थोडे थोडे. एकदम उन्हात ठेवले तर पाने करपतात.

आपल्याकडेही चाळीत दुपारी बाराला दिवा लावावा लागतो अशा खोल्या आहेत. तिथल्या भगिनींनी ही नळी करून पाहायला हरकत नाही. आपल्याकडे छाटणीचीही घाई नको.

त्या सात मिरच्यांचा पोराने ठेचा केला. खलबत्ता नव्हता, म्हणून तव्यावरच लसूण-मीठ घालून स्टीलच्या पेल्याच्या बुडाने रगडला. चौघांना पुरला नाही, म्हणाला.