विषाला उतारा आहे, वेळेला नाही

शेतावरच्या घरात जमिनीवर निजलेले आजोबा पहाटे पोटात कळ आल्याचे सांगतात. पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही. अंगावर दंशाची खूण दिसत नाही. हा वयाचा थकवा किंवा पक्षाघात आहे असे समजून घरीच थांबू नये. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही.

अशा रुग्णाला तारणारे प्रतिविष, म्हणजे आपण जिला सर्पदंशाची लस म्हणतो ती, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाली. १८९१ साली व्हिएतनाममधील सायगाव येथे काम करणारे फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनी, पुरानंतर वस्तीत शिरलेल्या नागांमुळे माणसे दगावल्याचे पाहून, नागविषाचा अभ्यास आरंभिला. विषाची अल्प मात्रा क्रमाने वाढवीत टोचली, की प्राण्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे घटक निर्माण होतात. त्या रक्तातील द्रव दुसऱ्या जिवाला वाचवतो. १८९४ साली पॅरिसमध्ये फिझालिक्स व बर्त्रां यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले. पुढे हे काम घोड्यांकडे सोपवले गेले.

एकच प्रतिविष सर्व सापांवर चालेल, असा काल्मेत यांचा समज होता. ब्राझीलचे डॉ. व्हिताल ब्राझील यांनी तो खोडून काढला: ज्या जातीचे विष, त्याच जातीचा उतारा. म्हणूनच भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषांपासून बनते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने ती अनेक दशके तयार केली आहे.

या इतिहासातच आपले कर्तव्य दडलेले आहे. लस चौघांवर चालते, म्हणून साप मारून नेण्यात वेळ घालवू नये. ती रक्तातील विषाला बांधते, पण झालेली हानी भरून काढत नाही. म्हणून मांत्रिक, करकचून बांधणे, चिरा देणे हे सारे टाळावे. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. घोड्याच्या रक्तातील प्रथिनांची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, यास्तव ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. मात्रा वयावर वा वजनावर नव्हे, तर विषावर ठरते, “म्हाताऱ्या माणसाला सोसेल का?” या शंकेने नकार देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते मात्र आधी सांगावे.

विषाला उतारा माणसाने शोधला. दवडलेल्या वेळेला तो अजून सापडलेला नाही.