भंगारात चाललेला आपला आवाज

साथींनो, 'सध्या काय ऐकताय?' हा प्रश्न हल्ली आपल्या शिकलेल्या पोरांमध्येही फिरतो. स्टेटसला जुन्या रेकॉर्डचा फोटो, खाली एखादी गझल नाहीतर इंग्रजी बँडचं नाव. ऐका, जरूर ऐका. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन हाती धरलं होतं. आमचा सवाल एवढाच आहे की, त्या यादीत वामनदादा का नसतात? भीमगीत १४ एप्रिललाच का आठवतं?

दौंडच्या एका रेल्वे वस्तीत आम्ही एका निवृत्त गँगमनकाकांच्या घरी गेलो होतो. त्यांच्याकडे पोतंभर कॅसेटी होत्या. जयंतीच्या रात्री, लग्नात, नामकरणाला रंगलेल्या गायन पार्ट्या त्यांनी स्वतः टेपवर भरलेल्या. आम्ही पोहोचलो त्याच्या आदल्याच आठवड्यात घरातल्यांनी ते पोतं भंगारात दिलं होतं. किलोच्या भावाने! तो आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. शिरूरच्या वस्त्यांत विचारलं, तिथेही हीच गत.

हा दोष आम्ही त्या घराला देत नाही. मूळ खोल आहे. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. नाट्यपद मावलं. रात्रभर चालणारा भीमराव कर्डकांचा जलसा त्यात कसा मावणार? आणि ग्रामोफोन घ्यायची ऐपत ज्यांची होती, बाजारही त्यांच्याच आवडीचा होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा कुठे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आपल्या घराघरांत वाजू लागले. म्हणजे ज्यांना संग्राहक अभिमानाने 'विंटेज' म्हणतात, त्या कपाटात आपण कमी दिसतो. त्याचं कारण बाजाराची जात आणि वर्ग आहे, आपल्या गाण्याची कमतरता नाही. आपलं संग्रहालय त्या पोत्यात होतं.

'डीजेने भीमगीत बिघडवलं' असं काहीजण म्हणतात. स्वतःच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरवर गप्प बसणाऱ्यांकडून आम्हाला हा उपदेश नको. पण आपण आपसांत तरी खरं बोलू. ठेका उरतो, शब्द बुडतो, कवीचं नाव तर पार पुसलं जातं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा एक माणूस मोठेपणी अक्षरं शिकतो, हजारो गीतं लिहितो, २००४ साली जातो, आणि त्याच्याच गाण्यावर नाचणाऱ्याला त्याचं नाव ठाऊक नसतं! ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी आपलं जीवन संपवलं. हे गाणं करमणूक म्हणून जन्मलेलं नाही.

मग करायचं काय? आजीआजोबांची पेटी उघडा. चालू टेपरेकॉर्डर शोधा, वायरने कॉम्प्युटरला जोडा, गाणं भरून घ्या. गाणारा, लिहिणारा, गाव, साल विचारून लिहा. स्टेटसला गाणं टाकाल तेव्हा कवीचं नाव टाका. १ जानेवारीला विजयस्तंभाला लाखो लोक येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. शिरूर-दौंडच्या पोरांनी तिथे एक टेबल कॅसेटींसाठी लावावं. आम्ही मशीन घेऊन बसायला तयार आहोत.

ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्यांनी आपला आवाज तरी स्वतःच्या हाताने भंगारात घालू नये.

जय भीम!