पोटात अंडी, पण तळ्यात पिले नाहीत



शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणारी मंडळी नेहमी विचारतात, "साहेब, मादीचे पोट अंड्यांनी भरलेले दिसते, मग तळ्यात पिले का होत नाहीत? दरसाल बोटुकली विकत का आणायची?"

प्रश्न रास्त आहे. हे मासे मूळचे नदीचे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी काठावरच्या उथळ जागी पसरते, तेव्हा ते अंडी घालतात. पाऊस, गार पाणी आणि प्रवाह यांची जाणीव झाली की मेंदूखालची पीयूष ग्रंथी आपला रस रक्तात सोडते आणि मादी विते. साचलेल्या तळ्यात हा इशारा मिळत नाही. अंडी तयार होतात, पण बाहेर न पडता पोटातच जिरून जातात.

म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतून जाळ्याने धरून आणीत. त्यात रोहूबरोबर नको त्या जातीही येत. एवढ्याशा पिलांतून जात ओळखणे अवघड. ज्वारी म्हणून पेरावे आणि निम्मे तण उगवावे, तसा प्रकार. त्यात दुसऱ्यांची पिले खाणारा मासा आला तर सारा हंगाम बुडे.

ही अडचण दूर करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. हिरालाल चौधुरी. जन्म १९२१ चा, सिल्हेट भागातला. अमेरिकेतील ऑबर्न येथे तळ्यातील मत्स्यशेतीचे शिक्षण घेऊन ते परत आले आणि ओरिसातील कटकच्या सरकारी मत्स्य संशोधन केंद्रात कामाला लागले. माशाला ग्रंथीचा रस टोचून विणवण्याची युक्ती ब्राझीलमध्ये १९३० नंतरच्या दशकातच वापरली गेली होती. आपल्या माशांवर ती भरवशाने चालेल का, हा प्रश्न होता.

चौधुरी आणि त्यांचे सहकारी अलिकुन्ही यांनी पक्व माशांच्या डोक्यातून ग्रंथी काढली, वाटली, तिचे पाणी करून नर-मादीला टोचले आणि जोडी हाप्यात, म्हणजे तळ्यातच काठ्यांना बांधलेल्या कापडी पेटीत सोडली. १० जुलै १९५७ रोजी मृगळाच्या भाऊबंदांपैकी रेबा नावाच्या माशाने अंडी दिली. त्याच हंगामात मृगळ आणि रोहूही विले. पुराचा निरोप सुईवाटे पोहोचला होता!

पुढे चौधुरींनी आग्नेय आशियातील देशांतही मत्स्यशेतीचे काम केले. २०१४ साली ते वारले. १० जुलै हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

आता ग्रंथी काढत बसावे लागत नाही, तयार औषध मिळते. पण बीजाची पारख आपल्यालाच करावी लागते. एकाच कुळातले नर-मादी वर्षानुवर्षे वापरले तर पिले कमजोर होतात. वेगवेगळ्या जाती एका कुंडात विणवल्या तर संकर होतो. म्हणून बीज घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. केंद्र सरकारी किंवा नोंदणी केलेले असावे. नर-मादी कोठून आणतात, कधी बदलतात, हे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

२. जिऱ्याएवढी पिले स्वस्त म्हणून घेऊ नयेत, फार मरतात. ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली घ्यावी.

३. दहा बोटुकलींत कटला ४, रोहू ३, मृगळ ३ हे प्रमाण ठेवावे. कटला वरचे, रोहू मधले व मृगळ तळाचे खाद्य खातो, म्हणून भांडण नाही.

४. पिशवी आणल्याबरोबर पाण्यात ओतू नये. पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग तळ्याचे थोडे थोडे पाणी आत घ्यावे आणि पिलांना आपणहून बाहेर जाऊ द्यावे. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करावे.

बोटुकलीचा खर्च टाळता येत नाही. परंतु नदीच्या मिसळ बीजावर नशीब टाकण्याची वेळ आता आपल्यावर नाही. पैसे मोजताना जात मात्र नीट पाहून घ्या.