शेवटच्या पेल्यापर्यंत कोको



आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. मुळशी तालुक्यात आमच्या सासरच्या गावी त्या रात्री विहारासमोर मोठ्या पातेल्यात दूध तापते. कोणी म्हणते ही कोजागिरीचीच नक्कल. म्हणोत बापडे. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, धरणाच्या पाण्यावरून गार वारा येतो, ताम्हिणीकडची मंडळी शाली गुंडाळून येतात, आणि गरम दूध सगळ्यांनाच हवे असते. मुलांच्या हट्टामुळे गेली दोन वर्षे त्या दुधात आम्ही कोको घालतो.

पहिल्या वर्षी पुरती फजिती झाली. दूध उकळू लागल्यावर मी पुडा फोडला आणि कोको तसाच वरून ओतला. गोळेच गोळे! ते फोडायच्या नादात खाली दूध लागले. एका बाईंनी भलेपणाने उलथन्याने तळ खरवडला आणि करपट वास सगळ्या दुधात उतरला. तेवढ्यात वरच्या वाडीची माणसे दीड तास चालून पोहोचली. पातेल्यात उरले होते थोडे, म्हणून कोणीतरी घाईने दोन तांबे पाणी घातले. वाडीचा एक पोरगा पेल्यात बघून म्हणाला, "ह्यात चाकलेट कुठंय?" कोणी हसले नाही. सासूबाई उठून आत गेल्या.

रात्री त्या मला म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी. बाहेर कोनाड्यात ठेवलेली. आपणच उचलायची, ते वरून चहा ओतायचे, पिऊन झालं की आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात. फुटका कान, तडा गेलेली बशी. आता आपल्याच पंगतीत कोणाला उरलंसुरलं नको गं द्यायला." मी काय बोलणार?

दुसऱ्या वर्षी आधी हिशेब मांडला. शंभर माणसांना दीडशे मिलिलिटरचा पेला धरला तर पंधरा लिटर लागते. अकरा लिटर दूध, चार लिटर पाणी, अर्धा किलो कोको, सव्वा किलो साखर आणि चिमूटभर मीठ. मिठाला हसू नका, त्याने कोकोचा कडवटपणा कमी जाणवतो. पाणी घालायचे ते सुरुवातीलाच, सर्वांच्या वाट्याला सारखे. आणि शंभर माणसे येणार असली तर सव्वाशेचा घाट घालावा. आपल्याकडे निरोप एकाला दिला की येतात चौघे, आणि ते यावेत म्हणूनच तर आपण बोलावतो.

कोको घेताना साधा, बिनसाखरेचा घ्यावा. 'ड्रिंकिंग चॉकलेट'च्या डब्यात बरीचशी साखरच असते. साखरेला आपण कोकोचा भाव का द्यावा?

हा कोको येतो कुठून? झाड मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोकडचे लोक त्याच्या बियांचे कडू पेय पीत. १८२८ साली हॉलंडच्या व्हॅन हौटेन यांनी बियांतली चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही भुकटी आली. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्रात नारळी-पोफळीच्या सावलीत ही झाडे लावतात. कॅडबरीचा कारखाना तर आपल्या शेजारच्या मावळात, तळेगावजवळ इंदुरीला आहे. पण जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तिथल्या मळ्यांत लहान मुले राबतात हे जगजाहीर आहे. आपल्या मुलांच्या हातात पेला देताना मला ते आठवते.

आता कृती. चरबीमुळे कोको पाणी लवकर धरत नाही, म्हणून गोळे होतात. तेव्हा कोको चाळून कोरड्या साखरेत कालवावा. मग थोडे थोडे कढत पाणी घालून, भज्याच्या पिठासारखा सरसरीत होईपर्यंत घोटावा. हे पाणी त्या चार लिटरांतलेच. पंचवीस लिटरचे जाड बुडाचे पातेले पाण्याने विसळावे, पुसू नये. तळाशी उरलेले पाणी उकळावे, मग दूध ओतावे. चुलीवर असेल तर उकळी येताच लाकडे मागे ओढावीत. मग कोको घालून दहा मिनिटे मंद आचेवर ढवळावे. ढवळणारी बाई एकच असावी आणि तिने गप्पांना जाऊ नये. तरीही लागलेच तर तळाला हात लावू नये, वरचे दूध हळूच दुसऱ्या पातेल्यात काढावे. गूळ घालायचा असेल तर खाली उतरवल्यावर घालावा, उकळत्या दुधात घातला तर ते फाटण्याची भीती असते.

भन्तेजी दुपारी बारानंतर दूध घेत नाहीत. त्यांच्यासाठी बिनदुधाचा चहा वेगळा ठेवावा.

वाढताना पेल्याच्या मापाचे एकच ओगराळे घेतले, पहिल्याला जेवढे तेवढेच शेवटच्याला. प्रत्येक वेळी तळापासून ढवळून वाढले, कारण कोको खाली बसतो आणि वरच्यांना नुसते गोड दूध मिळते. वाडीच्या मंडळींसाठी दोन किटल्या भरून गोधडीत गुंडाळून ठेवल्या. ते साडेनऊला आले तेव्हा वाफ निघत होती. तो पोरगा या वेळी काही बोलला नाही, पेला पुढे करून पुन्हा मागितला, तेवढेच. तिसरी, लहान किटली आम्ही चुलीपाशी राबलेल्या सहा जणींनी आधीच बाजूला ठेवली होती. पहिल्या वर्षी आम्हांला घोटभरही मिळाले नव्हते.

आणि पातेले रिकामे झाल्याबरोबर पाणी भरून ठेवा, नाहीतर वाळलेला कोको निघता निघत नाही. आमचे पातेले पुरुष मंडळींनी घासले. राखेने, कुरकुरत, पण घासले.