युकुलेले बदलण्याआधी तारा बदला!

कॉलेजच्या कट्ट्यावर गिटारच्या जोडीला आता युकुलेलेही दिसतं. छोटं, हलकं, चारच तारा; खांद्याला अडकवलं की निघालो. पण दोनेक महिने झाले की बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं सुरू होतं, ‘यार, रीलमधल्यासारखा आवाजच येत नाही!’ मग काही जण नव्या महागड्या युकुलेलेसाठी घरी लकडा लावतात आणि बाकीचे ‘आपल्याला नाही जमत’ म्हणत ते कपाटावर टाकतात. माझं म्हणणं एवढंच, की हे दोन्ही करण्याआधी तारा बदलून बघा.

तारेने काय एवढा फरक पडणार, असं वाटतंय? मग तंबोरा आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवला, की जवारी खुलते आणि सगळा आवाजच बदलतो. युकुलेलेतही आवाजाची सुरुवात तारेपासूनच होते. लाकूड काय करतं, तर तारेने दिलेलं मोठं करून ऐकवतं. तारच झिजलेली, मरगळलेली असेल, तर लाकूड बिचारं काय करणार?

आता निवडायचं काय? साध्या नायलॉनचा आवाज मऊ आणि गोल. पण हवा बदलली की सूर हलतो. आपल्या पावसाळ्यात तर ट्युनर हातातून सुटत नाही. फ्लोरोकार्बन म्हणजे मासेमारीच्या गळाच्या दोरीसाठी वापरतात तेच मटेरियल. ते नायलॉनपेक्षा घन असतं, त्यामुळे त्याच सुराला बारीक तार पुरते. आवाज खणखणीत, एकेक स्वर सुटा, आणि दमट हवेचा त्रासही कमी. तिसरा पर्याय इटलीतल्या अक्विला कंपनीच्या नायलगटचा. पूर्वी युकुलेलेला प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या तारा असायच्या, त्यांचा आवाज सिंथेटिक तारेत आणण्याचा हा प्रयत्न.

माझा साधा नियम: युकुलेले दबकं वाजत असेल तर फ्लोरोकार्बन, कर्कश वाटत असेल तर नायलॉन. नुसते कॉर्ड न वाजवता गाण्यांच्या धून वाजवायच्या असतील, तर ‘लो जी’ सेट बघा. नेहमीच्या जी-सी-ई-ए ट्युनिंगमध्ये जी तार उंच सुरात असते, म्हणून सगळ्यात खालचा स्वर सी. लो जी लावली की त्याच्याही खाली पाच स्वर मिळतात.

‘बेस्ट स्ट्रिंग्ज’चे व्हिडिओ जरूर बघा, पण निकाल त्यांच्यावर सोडू नका. तिथे वाद्य दुसऱ्याचं, बोटं दुसऱ्याची आणि माइकही दुसऱ्याचा. तुमच्या वाद्याला काय शोभतं, ते तुमच्याच कानांना ठरवू दे.

दोन-तीन गोष्टी मात्र पाळाच. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर यांपैकी आपला साइज बघूनच सेट घ्या. गिटारच्या स्टीलच्या तारा चुकूनही लावू नका. त्यांचा ताण इतका, की घोडी उखडू शकते. आणि नवी तार पहिले काही दिवस ताणत राहते, सूर सतत उतरतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी ‘पैसे वाया गेले’ म्हणून मोकळे होऊ नका.

कुणी म्हणेल, प्लायवूडच्या युकुलेलेला कसल्याही तारा लावल्या, तरी ते हवाईतल्या कोआ लाकडासारखं थोडंच वाजणार? नाहीच वाजणार. पण काही शे रुपयांत तेच वाद्य आजच्यापेक्षा बरं वाजणार असेल, तर आधी काही हजार कशाला घालवायचे? मुख्य म्हणजे, आवाज गोड आला की हात आपोआप पुन्हा वाद्याकडे जातो, आणि रियाज होतो तो त्यामुळेच. कपाटावरचं युकुलेले खाली काढा. ‘आपल्याला जमत नाही’ हा निकाल जुन्या तारांच्या भरवशावर देऊ नका.