वर्गात उरलेली आणि घरी गेलेली

माझ्या गायनवर्गातील एका सोळा वर्षांच्या मुलीने गेल्या महिन्यात पाठ संपल्यावर एक इंग्रजी कादंबरी माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “गुरुजी, एवढी वाचाल का?” पुस्तक मुलींसाठी लिहिलेले. चाळिशी ओलांडलेल्या संगीतशिक्षकाने त्यात काय शोधावे, असे मनात आले. पण मुलीचा आग्रह मोडवेना. घरी नेले आणि चार रात्रींत संपविले. ल्युसी मॉड माँगमेरी या कॅनडातील लेखिकेची १९०८ साली निघालेली ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही ती कादंबरी. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे अल्कॉटबाईंच्या चार बहिणी मराठी घरांत ओळखीच्या झाल्या आहेत. येथे बहिणी नाहीत, मैत्रिणी आहेत. आणि बहिणीपेक्षा मैत्रिणीचे नाते राखणे मुलीला किती कठीण असते, ते येथे दिसते.

प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या एका खेड्यात मॅथ्यू आणि मरिला हे वयस्क, अविवाहित भाऊबहीण राहतात. शेतीच्या कामाला अनाथालयातून मुलगा आणावा असे ते ठरवितात, आणि निरोपाच्या घोटाळ्याने येते ती अकरा वर्षांची, तांबड्या केसांची, अखंड बडबड करणारी ॲन. शेजारची डायना बॅरी तिची जिवलग होते. पहिल्याच भेटीत बागेत उभ्या राहून दोघी जन्मभराच्या मैत्रीची शपथ घेतात. मोठ्या माणसांना हा पोरखेळ वाटतो. लेखिकेला तो तसा वाटत नाही, आणि पुस्तकाचे मोल येथेच आहे.

या मैत्रीवर पहिले संकट येते ते सरबतामुळे. ॲन घरी आलेल्या डायनाला फळांचे सरबत समजून चुकीने मद्याच्या बाटलीतले पेले भरून देते. डायना झिंगत घरी जाते आणि तिची आई दोघींची भेटगाठच बंद करते. पुढे हिवाळ्यातील एका रात्री वडीलधारी मंडळी गावाला गेलेली असताना डायनाच्या धाकट्या बहिणीचा घसा धरतो, श्वास कोंडतो. अनाथपणी परक्यांची मुले सांभाळलेल्या ॲनला उपाय ठाऊक असतो. ती रात्रभर खपून पोरीला वाचविते, तेव्हा कुठे आईचा राग निवळतो.

परंतु मला थांबविले ते पुढच्या एका लहानशा प्रसंगाने. नव्या शिक्षिका हुशार मुलांना पुढील परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर तासभर जास्त शिकवू लागतात. ॲन त्या वर्गात बसते. डायनाच्या आईवडिलांना मुलीला पुढे शिकवायचे नाही, म्हणून डायना बाकीच्यांबरोबर घरी निघते. तिला जाताना पाहून ॲन लॅटिनच्या व्याकरणाचे पुस्तक तोंडापुढे धरते, डोळे दिसू नयेत म्हणून. भांडण नाही, गैरसमज नाही. एका घरात निर्णय झाला, आणि दोघींच्या वाटा त्या दिवशी वेगळ्या झाल्या. मद्याची बाटली जे करू शकली नाही ते या निर्णयाने केले.

लेखिकेकडे एक मागणे मात्र राहते. ती ॲनबरोबर वर्गात राहते. एकटी घरी चाललेल्या डायनाच्या मनात त्या संध्याकाळी काय होते, त्याला तिने पान दिले नाही. आपणही तेच करतो. पुढे गेलेल्या मुलीचा सत्कार होतो. मागे राहिलेलीचे नाव पटावरून जाते आणि कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही.

हे मी परक्यासारखे लिहीत नाही. माझे वडील ऐन विशीत दरबारी गवयांत लागले, आणि १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाल्यावर घरीच शिकवू लागले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. तालीम मला मिळे. थोरली अक्का आणि शेजारची तिची मैत्रीण माजघरात बसून ऐकत, आणि माझा पाठ संपला की तोच हलक्या आवाजात म्हणत. अक्काचा सूर माझ्याहून सच्चा होता. मैत्रिणीचे लग्न होऊन ती परगावी गेली, आणि अक्काचे गाणे बंद पडले. घरात म्हणत, तिला गोडीच नव्हती. गोडी होती, सोबत गेली होती.

एवढे ठाऊक असून मी यंदा काय केले? माझ्या वर्गात दांडिया बाजारातून दोन मुली जोडीने येत. एकमेकींचे तानपुरे जुळवीत, एकीचा श्वास सरला की दुसरी सूर धरून ठेवी. दहावी होताच एकीचे वडील येऊन म्हणाले, “गुरुजी, आता तिचे गाणे पुरे झाले.” मी ‘बरे’ म्हटले आणि पटावरील नावावर रेघ मारली. दुसरी महिनाभर बेसूर गात राहिली. तिला मी लक्ष नसल्याबद्दल रागावलो. पुस्तक आणून दिले ते तिनेच.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलींसकट सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेथे शाळेच्या दारापर्यंत मुलीला आणण्याचे काम कधीच सुरू झाले. दारातून तिला परत कोण नेतो, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. मुलीचे शिक्षण वा गाणे थांबविताना पालक फी, वय, स्थळ यांचा हिशेब करतात. त्या हिशेबात तिची मैत्रीणही धरावी. एकीला थांबविले की पुष्कळदा दोघी थांबतात. आणि आम्हा शिक्षकांनी इतक्या चटकन ‘बरे’ म्हणू नये.

परवा मी त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. वडिलांनी चहा दिला, ‘पाहू’ म्हणाले. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. पटावर तिचे नाव मी पुन्हा लिहिले आहे, मैत्रिणीच्या नावाखाली, पूर्वीच्याच जागी.