जमीन आरोग्य पत्रिकेत राहून गेलेला रकाना

जमीन आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सूरतगडहून सुरू झाली. पत्रिकेवर बारा नोंदी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन आणि सोबत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. या बारांपैकी एकही नोंद जमिनीत जिवंत काय आहे ते सांगत नाही. सेंद्रिय कर्बावरून अंदाज बांधता येतो, पण तेवढाच. खताची शिफारस याच कागदावरून निघते, त्यामुळे मातीतली बुरशी आणि जिवाणू शिफारशीच्या हिशेबात धरलेच जात नाहीत.

नाशिक-नगरकडच्या कांद्याचे उदाहरण घ्या. कांद्याची मुळे जाड, आखूड, फारशा फांद्या न फुटणारी, मूलरोमही जेमतेम. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा उपसून झाला की पुढचा स्फुरद जवळ असूनही हाती लागत नाही. अशा पिकाला तारते ती मायकोरायझा बुरशी. शेतकरी तिला ‘व्हॅम’ म्हणून ओळखतात. तिचे धागे एका टोकाने मुळाच्या पेशींत शिरतात आणि दुसऱ्या टोकाने मातीत कित्येक सेंटिमीटर पसरतात. मूलरोमही शिरणार नाही इतक्या बारीक फटींतून ते स्फुरद, जस्त आणि थोडेफार पाणी ओढून आणतात. मोबदल्यात पीक त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ देते. हे धागे मातीचे कणही बांधून ठेवतात, म्हणून पाऊस ताणला तरी अशी जमीन लवकर हार खात नाही.

जमिनीवरच्या ७० टक्क्यांहून अधिक वनस्पती या व्यवहारात आहेत. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक ही मंडळी मात्र त्यातून बाहेर. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ सापडलेल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, धड मुळेही न फुटलेल्या वनस्पतींत, ही बुरशी दिसते. (जंगलातली झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी ‘बोलतात’ ही गोष्ट अलीकडे फार गाजली. तिच्यातल्या बऱ्याच दाव्यांना पुरावा अपुरा आहे, असे २०२३ मध्ये याच विषयातल्या तीन संशोधकांनी दाखवून दिले. शेताला त्या गोष्टीची गरजही नाही.)

खरी मेख पुढे आहे. स्फुरदाची टंचाई जाणवली की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचे द्रव्य मातीत सोडते. त्याच्या सुगाव्याने बुरशीला फांद्या फुटतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सिद्ध केले. स्फुरद मुबलक असला की झाड हे बोलावणे आवरते घेते. म्हणजे दर हंगामात सवयीने डीएपीचा बेसल डोस ओतणारा शेतकरी नकळत आपल्याच पिकाला बुरशीपासून तोडत असतो. आणि ओतलेल्या स्फुरदाचे होते काय? चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो कॅल्शियमला चिकटून बसतो, कोकणच्या जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमला. पहिल्या पिकाला त्यातला थोडाच वाटा मिळतो. या खतासाठी लागणारा रॉक फॉस्फेट देश बहुतांशी बाहेरून आणतो, आणि तयार डीएपीही मोठ्या प्रमाणात आयातच होतो.

मोकळ्या रानाचीही किंमत असते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये आपल्यासारख्याच भेगाळणाऱ्या काळ्या जमिनी आहेत. तिथे दीर्घकाळ पड ठेवलेल्या रानात पुढचे पीक खुजे राही, त्यात स्फुरद आणि जस्ताची कमतरता दिसे. संशोधक थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये कारण मांडले: जिवंत मूळ नसल्याने बुरशी उपासमारीने घटली होती.

यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे मायकोरायझाचे पाकीट. इथे सावध राहायला हवे. रायझोबियम किंवा ट्रायकोडर्मा गुळाच्या पाण्यात वाढवता येतो, म्हणून मायकोरायझाही पिंपात घालून वाढवू पाहणारे आहेत. ही बुरशी गुळावर वाढत नाही. तिला जिवंत मूळच लागते. पाकिटातला माल चांगला असला तरी खात्री नाही. स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या ५४ शेतांत मायकोरायझा वापरून पाहिला गेला. निकाल २०२३ मध्ये आले: कुठे ४० टक्क्यांपर्यंत वाढ, कुठे १२ टक्क्यांपर्यंत घट. फायदा कुठे होणार हे मातीतल्या स्फुरदावरून कळत नव्हते. मातीत आधीपासून असलेल्या बुरशींवरून, विशेषतः रोगकारक बुरशींवरून, ते बऱ्यापैकी ओळखता आले. जी माहिती पत्रिकेवर नाही, तीच निर्णायक ठरली.

तेव्हा आधी जमिनीत आहे ते जगू द्यावे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा तंत्रात गादीवाफ्यावर भात टोकतात, चिखलणी आणि नांगरट टाळतात, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. भातशेतीत मजूर आणि खर्च वाचतो म्हणून त्याची चर्चा होते. न तुटलेल्या मुळांची आणि धाग्यांची व्हायला हवी तितकी होत नाही. तुरीचेही तसेच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून लाल मातीत लोहाला जखडलेला स्फुरद सोडवतात. कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला डाळीपलीकडे आणखी काय मिळते, याची मोजदाद आपल्या मातीत आपल्या विद्यापीठांनी करायला हवी.

तपासणी अवघड असल्याची सबब चालणार नाही. मुळांचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळायचे, मग व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या फाउंटन पेनच्या शाईत रंगवायचे, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते. ही पद्धत १९९८ पासून प्रसिद्ध आहे आणि कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला सहज परवडते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या भागातल्या दोन-तीन मुख्य पिकांपासून सुरुवात करावी आणि कृषी विभागाने पत्रिकेवर तेरावा रकाना छापावा. तोवर ज्यांच्या पत्रिकेत स्फुरद ‘जास्त’ आहे, त्यांनी यंदा शेताच्या एका पट्ट्यात बेसल डोसमधला स्फुरद कृषी सहायकाच्या सल्ल्याने कमी करून पाहावा.